माउंट टॉमचा शेवटचा टर्की आणि वोबर्नचा केव्हिन

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला शेवटचा रानटर्की १८५१ साली माउंट टॉम डोंगरावर मारला गेला. अब्राहम लिंकन यांनी थँक्सगिव्हिंग हा कृतज्ञतेचा सण देशभर पाळण्याचा जाहीरनामा काढला तो ३ ऑक्टोबर १८६३ रोजी. इंग्लंडहून येऊन वसलेली पिल्ग्रिम मंडळी, त्यांची प्लायमथ वसाहत, या सणाचं मूळ मानलं जाणारं १६२१ सालचं ते प्रसिद्ध जेवण, सगळं याच राज्यातलं. पण सण साऱ्या राष्ट्राचा झाला तेव्हा त्या सणाचा म्हणून ओळखला जाणारा पक्षी इथल्या रानात औषधालाही उरला नव्हता.

आज याच राज्यात वन्यजीव खात्याच्या अंदाजाने ३० ते ३५ हजार रानटर्की आहेत. बॉस्टनला खेटून असलेल्या ब्रुकलाइन, केंब्रिजसारख्या गावांत ते भर रस्त्यात उभे राहून गाड्या अडवतात, मोटारीच्या चकचकीत दारावर चोची मारतात, टपाल वाटणाऱ्याच्या मागे लागतात. पक्षी परत कसा आणला हे वन्यजीव व्यवस्थापनातलं गाजलेलं यश आहे, आणि ते खरंच यश आहे. मला मात्र त्यातली दुसरी बाजू जास्त विचार करण्यासारखी वाटते. पक्षी परत आणताना पक्ष्याचा अभ्यास कसून झाला. तो आल्यावर शेजारी म्हणून राहणार कोण आणि त्यांनी कसं वागायचं, हे कोणी ठरवलंच नाही. आजची सगळी भांडणं त्या राहून गेलेल्या कामाची आहेत.

पक्षी गेला कसा

१६२०च्या दशकात इथे रानटर्की भरपूर होते. प्लायमथ वसाहतीचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी आपल्या नोंदींत तसं लिहून ठेवलं आहे. गंमत अशी की १६२१च्या त्या जेवणाचं जे समकालीन वर्णन एडवर्ड विन्स्लो यांच्या पत्रात आहे, त्यात टर्कीचं नाव नाही. गव्हर्नरने चार माणसं पक्षी मारायला पाठवली, तिथले मूळ रहिवासी असलेल्या वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट नव्वदेक माणसं घेऊन आला, त्यांनी पाच हरणं आणली, एवढं कळतं. मारलेल्या पक्ष्यांत टर्की असेलही, बदकं असतील, हंस असतील. सणाच्या ताटात टर्की पक्का बसला तो १९व्या शतकात, आणि त्यात सेरा जोसेफा हेल या संपादिकेचा वाटा मोठा. थँक्सगिव्हिंग राष्ट्रीय व्हावा म्हणून त्या वर्षानुवर्षं अग्रलेख लिहीत होत्या, राष्ट्राध्यक्षांना पत्रं धाडत होत्या.

त्याच शतकात न्यू इंग्लंडचं, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या ईशान्येकडच्या राज्यांचं, जंगल संपत आलं होतं. शेतं, मेंढ्यांची कुरणं, सरपण, कोळसा यांपायी दक्षिण न्यू इंग्लंडची बहुतेक जमीन उघडी पडली. टर्कीला रात्री बसायला मोठी झाडं लागतात आणि हिवाळा काढायला ओक, बीच, चेस्टनटची फळं. दोन्ही गेलं. जोडीला बारमाही शिकार होती. हंगाम नाही, मर्यादा नाही. पकडायची एक पद्धत तर फारच सोपी होती. ओंडके रचून छत घातलेला पिंजरा करायचा, त्याच्या भिंतीखालून आत जाणारा चर खणायचा आणि चरात मका सांडत न्यायचा. पक्षी मान खाली घालून दाणे टिपत टिपत चरातून आत शिरतो. आत पोचल्यावर मान वर करतो आणि मग बाहेर पडायची वाट वरच शोधत राहतो. ज्या भोकातून आला ते पायाशीच असतं, पण तिकडे त्याचं लक्षच जात नाही. सकाळी येऊन सगळा थवा उचलायचा.

पक्षी संपला तेव्हा फार हळहळ झाल्याचं दिसत नाही, कारण ताटातल्या टर्कीला काहीच धक्का लागला नव्हता. ताटातला टर्की वेगळा होता. मेक्सिकोतल्या लोकांनी दोन हजार वर्षांहून आधी तिथला टर्की माणसाळवला, स्पॅनिश लोकांनी तो १६व्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात नेला, तिथून तो इंग्लंडला गेला आणि इंग्रज वसाहतवाल्यांनी तोच पाळीव पक्षी अटलांटिक ओलांडून परत अमेरिकेत आणला. व्हर्मॉंटमधून अशा पाळीव टर्कींचे कळपच्या कळप बॉस्टनच्या बाजारात पायी हाकत आणले जात. संध्याकाळ झाली की कळप आपणहून रस्त्याकडेच्या झाडांवर चढून बसे, मग हाकणाऱ्यांनाही तिथेच मुक्काम टाकणं भाग.

जाता जाता आपल्याकडची एक गोष्ट. हाच पाळीव टर्की पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरला होता. १६१२ साली मुघल सरदार मुकर्रब खान याने गोव्यातून जहांगिरासाठी जे चमत्कारिक प्राणी नेले त्यांत एक टर्की होता. बादशहा इतका चकित झाला की त्याने आत्मचरित्रात त्याचं वर्णन लिहिलं: सरड्यासारखा रंग बदलणारी डोक्याची कातडी, हत्तीच्या सोंडेसारखा लोंबणारा मांसल तुरा. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने काढलेलं टर्कीचं चित्र आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. म्हणजे प्लायमथच्या त्या जेवणाच्या नऊ वर्षं आधी टर्की गोवामार्गे मुघल दरबारात हजर होता.

फसलेली पन्नास वर्षं

१९११ ते १९६७ या काळात मॅसॅच्युसेट्समध्ये पाच काउंट्यांत (जिल्ह्यांत) मिळून किमान नऊ वेळा टर्की सोडून बघण्यात आले. एकही प्रयत्न टिकला नाही. या प्रयत्नांतले बहुतेक पक्षी पिंजऱ्यात वाढवलेले होते. अंडी उबवणी यंत्रात घालायची, पिल्लं जाळीच्या आवारात मोठी करायची आणि अंगाने भरली की जंगलात सोडायची. हिशेब सरळ वाटतो. स्वस्तही पडतो. शेजारच्या न्यू यॉर्क राज्यानेही १९५०च्या दशकात हेच केलं आणि हात पोळून घेतले.

यातली खोच टर्कीच्या पहिल्या काही आठवड्यांत आहे. मादी जमिनीवर पाल्यात दहा-बारा अंडी घालते, २८ दिवस उबवते. पिल्लं बाहेर पडली की दुसऱ्याच दिवशी आईमागे चालू लागतात. पुढचे साधारण दोन आठवडे ती उडू शकत नाहीत, रात्री आईच्या पंखाखाली जमिनीवरच काढतात. मग पहिल्यांदा तिच्यामागून फांदीवर चढतात. या काळात ती जे शिकतात ते अंड्यातून शिकून आलेली नसतात. आईने एक तुटक आवाज काढला की जागच्या जागी थिजायचं, दुसरा काढला की तिच्याकडे धावायचं, घुबडाची सावली कोणती आणि कावळ्याची कोणती, किडे कुठल्या गवतात सापडतात, बर्फ पडल्यावर कुठल्या उतारावर जायचं. उबवणी यंत्रातून निघालेल्या पिल्लाला हे सांगायला कोणी नसतं. त्याला दाणे घेऊन येणारा माणूस ठाऊक असतो. असा पक्षी रानात सोडला की कोल्ह्या-कोयोटींची चंगळ. त्यातून जे वाचत ते जवळच्या शेतकऱ्याच्या कोंबड्यांत जाऊन मिसळत. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांबरोबर रोग रानात जाण्याची भीती होती ती वेगळीच.

पन्नास वर्षं तेच करत राहणं आज हट्टीपणा वाटतो, पण त्या वेळी दुसरा मार्ग हाताशी नव्हता. जंगली टर्की जिवंत पकडणं जवळपास अशक्य मानलं जाई. नजर आणि कान कमालीचे तिखट, धावण्याचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास, आणि जुन्या ओंडक्यांच्या पिंजऱ्यांत आता पुरेसे पक्षी मिळत नसत. वाट मोकळी केली ती तोफजाळ्याने, म्हणजे छोट्या तोफांनी पक्ष्यांवर फेकल्या जाणाऱ्या जाळ्याने. बदकं आणि हंस पकडायला १९४०च्या दशकाच्या अखेरीस हे जाळं तयार झालं. १९५१ साली साउथ कॅरोलायनात ते टर्कींसाठी वापरलं गेलं आणि चाललं.

सदतीस पक्षी

न्यू यॉर्कच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात १९४८च्या सुमाराला पेनसिल्व्हेनियातून रानटर्की आपले आपण चालत आले होते. ओसाड पडलेल्या शेतांवर तोवर जंगल पुन्हा वाढलं होतं. न्यू यॉर्कने पिंजऱ्यातले पक्षी सोडणं थांबवलं आणि १९५९पासून हेच जंगली पक्षी पकडून राज्यात इतरत्र हलवायला सुरुवात केली. मग शेजाऱ्यांनी मागणी केली. व्हर्मॉंटला १९६९-७० मध्ये ३१ पक्षी मिळाले, न्यू हॅम्पशायरला १९७५ साली २५. मॅसॅच्युसेट्सच्या वाट्याला १९७२-७३ मध्ये ३७ आले. ते राज्याच्या पश्चिम टोकाला, बर्कशायर भागातल्या बेअरटाउन स्टेट फॉरेस्टमध्ये सोडले गेले.

पकडण्याचं काम मुख्यतः हिवाळ्यात चाले, कारण तेव्हा रानात खायला कमी आणि थवे मोठे. जंगलाच्या कडेच्या मोकळ्या जागी भरडलेला मका टाकायचा आणि पक्षी रोज येऊ लागेपर्यंत टाकत राहायचं. मक्याच्या रेषेमागे जाळं घडी घालून ठेवायचं, पाल्याने झाकायचं, त्याला जोडलेल्या तोफांच्या वायर लपणीपर्यंत आणायच्या. मग थंडीत बसून राहायचं. पक्षी आले म्हणून लगेच बटण दाबून चालत नाही. एखाद्याची मान वर असेल तर सुटणाऱ्या जाळ्याचा तडाखा तिलाच बसतो. सगळ्यांच्या माना एकाच वेळी खाली जातील तो क्षण पकडावा लागतो. जाळं पडलं की लपणीतली माणसं धावत सुटतात, पक्षी एकेक करून सोडवतात, पायात कडी अडकवतात आणि मेणाचा थर दिलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालतात. खोकं अंधारं असलं की पक्षी शांत राहतो. त्याच दिवशी गाडीतून नेऊन खोक्याचं झाकण उघडायचं.

या कामाचा पैसा मोठ्या अंशी शिकाऱ्यांकडून आला, हे प्राणिप्रेमी मंडळींना पचायला जड जातं. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. शिकार आवडो न आवडो, टर्की परत येण्याचं बिल त्या कराने भरलं आहे.

पुढचा आलेख थक्क करणारा आहे. १९७८च्या हेमंतापर्यंत बर्कशायरमध्ये अंदाजे १,००० टर्की झाले. १९८० साली वसंतातली पहिली शिकार खुली झाली. तीही हिशेबाने, मुख्यतः नरांची. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे काही नर कमी झाले तरी अंड्यांची संख्या घटत नाही. १९७९ ते १९९६ दरम्यान खात्याने बर्कशायरमधलेच ५६१ पक्षी पकडून राज्याच्या बाकीच्या भागांत पसरवले. १९९१ साली टर्की मॅसॅच्युसेट्सचा अधिकृत शिकारपक्षी ठरला. सदतीस पक्ष्यांनी वीस वर्षांत जे केलं ते शेकडो पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना अर्ध्या शतकात जमलं नव्हतं.

एका बाबतीत मात्र तज्ज्ञांचा अंदाज चुकला. टर्कीला सलग, दाट, माणसापासून लांबचं जंगल लागतं असा तेव्हा समज होता. तो समज ज्यांच्यावरून झाला ते पक्षी शतकभर शिकाऱ्यांच्या तडाख्यातून दुर्गम भागात शिल्लक राहिलेले होते. ते तिथे होते कारण तिथेच वाचले होते. सोडल्यावर कळलं की थोडी झाडी, थोडं गवत, थोडी शेती असं मिश्रण टर्कीला जास्त मानवतं. आणि बॉस्टनची उपनगरं म्हणजे नेमकं हेच मिश्रण.

केव्हिन

वोबर्न हे बॉस्टनच्या वायव्येला असलेलं साधंसं उपनगर. २०२२च्या अखेरीस तिथल्या एका वस्तीत पाच टर्कींची टोळी होती आणि तिच्यातल्या नराला रहिवाशांनी केव्हिन असं नाव ठेवलं होतं. केव्हिन लोकांच्या अंगावर धावून जाई, सायकलवाल्यांचा पाठलाग करी, घराच्या दारासमोर ठाण मांडून बसे. माणसं झाडू किंवा दाताळं हातात घेऊन बाहेर पडत. बातमी अटलांटिकपार पोचली आणि जगभर हसू झालं. ज्यांना रोज गाडीपर्यंत पोचायचं होतं त्यांना अर्थातच हसू येत नव्हतं. नर टर्की ७ ते ११ किलोचा असतो, पायामागे टोकदार काटा असतो आणि उडी मारून तो माणसाच्या छातीपर्यंत येऊ शकतो.

केव्हिनला वेड लागलं नव्हतं. टर्कींच्या थव्यात प्रत्येकाची पायरी ठरलेली असते आणि ती सतत तपासली जाते. कोण कोणाला टोचतो, कोण बाजूला सरकतो, यावरून सगळं ठरतं. वसंताच्या तोंडावर ही तपासणी वाढते आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे तरुण नर त्यात सर्वांत पुढे. माणसांची भीती मोडली की माणसंही त्याच उतरंडीत धरली जातात. आपण घाबरून मागे सरलो की त्याच्या लेखी आपण त्याच्याखालचे, हिशेब संपला. मग दुसऱ्या दिवशी तो ते पुन्हा सिद्ध करून घेतो. गाडीच्या दारात दिसणारं प्रतिबिंब म्हणजे माघार न घेणारा प्रतिस्पर्धी, म्हणून तो तासन्‌तास त्याच्याशी भांडत बसतो.

मार्च २०१७ मध्ये रँडॉल्फ गावातला एक व्हिडिओ असाच गाजला होता. रस्त्याच्या मधोमध मेलेलं मांजर आणि त्याभोवती एका मागे एक गोल फिरणारे टर्की. लोकांनी त्याला जादूटोण्यापर्यंत नेऊन ठेवलं. पक्षीतज्ज्ञांचा खुलासा साधा होता: शिकारी प्राणी दिसला की टर्की सुरक्षित अंतर ठेवून त्याची पाहणी करतात, आणि चालताना पुढच्याच्या शेपटीमागे जाण्याची त्यांना सवय असते. पुढचा गोल वळला, मागचे वळले, वर्तुळ पुरं झालं आणि मग कोणाच्या मागून कोण चाललंय हे कोणालाच कळेना.

तर माणसांची भीती मोडते कशी? बहुतेक वेळा दाण्याने. या भागातल्या आपल्या मंडळींच्या संदर्भात मला हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. बॉस्टनच्या आसपास मराठी घरं बरीच आहेत, न्यू इंग्लंड मराठी मंडळ आहे, आणि उन्हाळ्यात गावाकडून आईवडील येऊन राहिलेलं घर तर दर गल्लीत. ओळखीच्या एका घरी सांगलीहून आलेल्या सासूबाई रोज सकाळी मागच्या ओट्यावर उरलेला भात आणि पोळीचे तुकडे ठेवायच्या. सुनेने सांगून पाहिलं, “आई, त्यांना काही घालू नका हो, मग जात नाहीत ते.” सासूबाईंचं उत्तर ठरलेलं, “अगं, दारात आलेल्या पाखराला काय हाकलायचं? तुझं जातंय काय त्यात?” खरंच, सांगलीत काही गेलं नसतं. चिमण्या-कावळे दाणे खाऊन उडून जातात. टर्की उडून गेले नाहीत. सासूबाई परत गेल्यावरही ते त्याच वेळी येऊन काचेच्या सरकत्या दारावर चोची मारत राहिले, आणि शेजारच्या वाढदिवसाच्या पार्टीत शिरून एका पोराच्या हातातला केक घेऊन गेले, तेव्हा शेजाऱ्यांशी बोलाचाली झाली. पुण्य एकाचं आणि मनस्ताप दुसऱ्याला, असा तो मामला.

हातात काय काय आहे

वोबर्नसारख्या गावात लोक आधी पालिकेला फोन करतात, पालिका राज्याच्या वन्यजीव खात्याकडे बोट दाखवते. पहिली मागणी एकच असते: यांना पकडून लांब जंगलात सोडा. मागणी करणाऱ्यांना वाटतं, १९७२ साली हेच तर केलं होतं. पण मॅसॅच्युसेट्समध्ये उपद्रवी वन्यप्राणी असा दुसरीकडे नेऊन सोडायला कायद्याने बंदी आहे, आणि मला ती बंदी बरोबर वाटते. तेव्हा बर्कशायरला नेलेला पक्षी माणसाला भिणारा होता आणि जिथे टर्की नव्हते तिथे नेला होता. केव्हिनला न्यायचं कुठे? राज्यात अशी जागा जवळजवळ उरलेली नाही जिथे टर्की नाहीत, आणि दारं ठोठावायची सवय तो बरोबर घेऊनच जाणार. दुसऱ्याच्या अंगणात प्रश्न टाकून येणं, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी सूचना शिकारीची. इथे कायद्याचंच दुसरं कलम आडवं येतं. राहत्या घरापासून ५०० फुटांच्या आत मालकाच्या परवानगीशिवाय बंदूक चालवता येत नाही आणि पक्क्या रस्त्यापासून १५० फूट अंतर ठेवावं लागतं. उपनगराचा नकाशा घेऊन प्रत्येक घराभोवती ५०० फुटांचं वर्तुळ काढून बघा, मोकळी जागा उरतच नाही. ज्या पैशाने आणि ज्या पद्धतीने टर्कीची संख्या वाढवली आणि ताब्यात ठेवली, ती पद्धत जंगलात चालते. पक्षी मात्र ५०० फुटांच्या वर्तुळांत येऊन राहिला. या प्रकरणाची गाठ इथे आहे असं माझं मत. खात्याचं हत्यार आणि पक्ष्याचं घर, दोन्हींच्या जागाच वेगळ्या झाल्या. लोकांच्या जिवाला धोका ठरलेला एखादा पक्षी पोलिस किंवा पर्यावरण अधिकारी मारू शकतात, पण ते क्वचित आणि शेवटी.

मग उरतो खात्याचा सल्ला, जो ऐकून तक्रारदार हमखास निराश होतात. खायला घालू नका. पक्ष्यांसाठी टांगलेली दाण्याची भांडी काढून ठेवा, कारण त्यातून सांडणाऱ्या दाण्यावरही टर्की जगतात. चकचकीत काचा झाका. आणि घाबरू नका: झाडू उगारा, आवाज करा, पाण्याची नळी मारा, साखळीला बांधलेला कुत्रा पुढे करा. घरातली लहान मुलं आणि म्हातारी माणसंसुद्धा टर्कीपेक्षा वरच्या पायरीवर आहेत हे त्याला कळलं पाहिजे. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. अडचण अशी की तो गल्लीतल्या प्रत्येक घराने पाळला तरच चालतो. नऊ घरांनी झाडू उगारला आणि दहाव्याने मका टाकला तर टर्की दहाव्याकडे खातो आणि उरलेल्या नऊ अंगणांत दादागिरी करतो. पक्ष्यांवर जाळं टाकायला निष्णात माणसं मिळाली. शेजाऱ्यांची बैठक घ्यायला कोणी नेमलेलं नाही. १९७०च्या दशकातल्या लोकांना याचा दोष देता येत नाही, त्यांना टर्की ब्रुकलाइनपर्यंत पोचेल असं स्वप्नातही आलं नसणार. पण १९९०पासून तो शहराकडे सरकताना दिसत होता. तेव्हाच दाणे घालण्यावर गावोगाव नियम करून ते अमलात आणले असते तर केव्हिन घडला नसता, असं म्हणायला मी तयार आहे.

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार

बाहेरच्या लोकांना या सगळ्यात एक उपाय हटकून सुचतो: थँक्सगिव्हिंगला खाऊन टाका की! इथल्या लोकांनाही हा विनोद दरवर्षी नव्याने सुचतो. प्रत्यक्षात त्या गुरुवारी रस्त्यावरच्या टर्कीला ताटातल्या टर्कीचं काही सोयरसुतक नसतं. टर्की उत्पादकांच्या संघटनेचा अंदाज धरला तर थँक्सगिव्हिंगला देशात साडेचार कोटींहून जास्त टर्की खाल्ले जातात, आणि ते जवळपास सगळे फार्मवरचे. रानातून मारलेला टर्की विकायला परवानगी नाही, तो मारणाऱ्याच्या घरीच शिजतो. हेमंतात शिकारीचा हंगाम असतो, पण शिकाऱ्यांचा खरा जीव वसंतात, जेव्हा नर झाडीतून आवाज देतात आणि शिकारी मादीचा आवाज काढून त्याला बोलावतो.

फार्मवरचा पक्षी पांढरा, रुंद छातीचा, निवडीने असा घडवलेला की नराला छातीच्या भाराने मादीशी जुगताही येत नाही. त्यांची सगळी पैदास कृत्रिम रेतनाने होते. तो झाडावर चढू शकत नाही आणि उडणं तर दूरच. त्याचा रानातला भाऊ गरज पडली तर ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने उडतो आणि रात्री ओकच्या शेंड्याला बसतो. एका सणाच्या दोन बाजूंना हे दोघं उभे आहेत: शुभेच्छापत्रावरचं चित्र काळसर तांबूस झळाळीच्या रानपक्ष्याचं, भट्टीत जातो तो पांढरा. आणि ज्यांनी १६२१ साली पाच हरणं आणली त्यांचे वंशज १९७०पासून त्याच गुरुवारी प्लायमथला जमून शोकदिन पाळतात, हेही या सणाच्या हिशेबात धरायला हवं.

आपल्याकडच्या घरांत त्या दिवशी बहुधा टर्की नसतोच. चार दिवसांची सुटी, सात-आठ घरं एकत्र, कोणी पावभाजी करणार, कोणी बिर्याणी, मुलांच्या हट्टापायी एखाद्या घरी छोटा टर्की भट्टीत, ज्याला आई वरून गरम मसाला चोळते कारण त्याशिवाय त्याला चव येत नाही. जेवणं झाल्यावर शतपावलीला निघालं की गल्लीत ते उभे असतातच.

सध्याचा हिशेब

मॅसॅच्युसेट्समध्ये टर्की आज सुखात आहेत म्हणून विषय मिटला असं समजायचं कारण नाही. देशभरातली संख्या १९३०च्या दशकातल्या नीचांकावरून साठ-सत्तर लाखांपर्यंत चढली होती. मात्र गेल्या वीसेक वर्षांत आग्नेयेकडच्या अनेक राज्यांत ती घसरते आहे. पिल्लं जगण्याचं प्रमाण कमी झालं आहे आणि त्याचं एकच एक कारण सापडलेलं नाही. अधिवास, भक्षक, हवामान, शिकारीच्या हंगामाची वेळ, सगळ्यांवर बोट ठेवलं जातं.

म्हणून खातं दर उन्हाळ्यात, जून ते ऑगस्ट, लोकांकडून नोंदी मागवतं. टर्की दिसले की नर किती, माद्या किती, पिल्लं किती आणि ती केवढी, एवढं कळवायचं. पाहायचं असतं ते मादीमागे किती पिल्लं उरली हे. थवा मोठा दिसला म्हणजे सगळं ठीक असं नसतं, सगळीच म्हातारी मंडळी असू शकतात. नोंदी अर्थातच जिथे माणसं जास्त तिथून सहज येतात. बेअरटाउनच्या रानातल्या माद्यांची मोजदाद करायची तर कोणाला तरी मुद्दाम तिथे जावं लागतं.